तहानलेल्याचे पाणी आणि मधुमेह्याचे इन्सुलिन

मृत्यूची घटका अल्लाहने ठरविलेली आहे, ती एका क्षणानेही पुढे-मागे होत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. या श्रद्धेच्या आधाराने एक प्रश्न मशिदीत, घरात, कधी रुग्णाच्या उशाशीही विचारला जातो. घटका ठरलेलीच आहे, तर मग औषधाने काय साधणार? शिफा देणारा अल्लाह आहे. मग सुई, सलाईन आणि रुग्णालयामागे धावणे म्हणजे तवक्कुल कमी असल्याचे लक्षण नव्हे काय?

प्रश्न जुना आहे आणि आपल्या बुजुर्गांनी त्याचा ऊहापोह फार बारकाईने केला आहे. तरीही तो पुन्हा मांडावासा वाटतो, कारण मधुमेह आज आपल्या घराघरांत शिरला आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे असल्याचे सांगितले. नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरची गंजगोलाई, औसा असो की कंधार, ज्या कुटुंबात कोणालाही 'शुगर' नाही असे कुटुंब आता शोधावे लागते. हा आजार वर्षानुवर्षे मुकाट राहतो आणि मग एखाद्या रात्री काही तासांत जीव घेण्याइतका उग्र होतो. त्या रात्री कुटुंबाने काय करायचे, हा प्रश्न वैद्यकाचा तर आहेच. पण तो दीनचाही आहे.

हे लिहिण्यास मला एक खासगी कारणही आहे आणि ते लपविणे योग्य होणार नाही.

2022 चा रमजान एप्रिल महिन्यात आला होता. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी मी इमामत करीत होतो. आडत बाजारात हमाली करून आयुष्य काढलेले, साठीच्या जवळ आलेले एक चाचा चांदरातीला तरावीहनंतर माझ्याजवळ आले. कित्येक वर्षांपासून त्यांना मधुमेह होता आणि सकाळ-संध्याकाळ ते इन्सुलिन घेत. त्यांनी विचारले, "मौलाना, रोजा ठेवू का?" मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. इन्सुलिन किती, पायाला जखम आहे का, डॉक्टरांनी काय सांगितले, यातले काहीच नाही. मी म्हणालो, "हिंमत असेल तर ठेवा, चाचा. अल्लाह ताकद देतो." ते आनंदाने गेले. पोटात अन्न नाही तर सुईची गरज काय, असा हिशेब त्यांनी मनाशी केला आणि रोजासोबत इन्सुलिनही बंद केले.

उन्हाळा कडक होता. पाचव्या-सहाव्या दिवसापासून इफ्तारला ते तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागले. रात्रभर लघवीला उठत. घरच्यांना वाटले, उन्हाची तहान आहे. मग ते दिवसभर झोपून राहू लागले. घरच्यांना वाटले, रोजाची अशक्तता आहे. नवव्या दिवशी सहरीला उठविले तेव्हा ते कोणाला ओळखेनात, शब्द जड पडू लागले. मला बोलावणे आले. मी सूरह फातिहा पढून दम केला, पाण्यावर फुंकले. ते पाणी चमच्याने त्यांच्या ओठांना लावणार, एवढ्यात त्यांचा महाविद्यालयात शिकणारा पुतण्या म्हणाला, "मौलाना, शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काही घालू नका, ते श्वासनळीत जाईल." त्याने 108 ला फोन लावला. रुग्णवाहिकेत बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तर यंत्राने आकडा दाखविलाच नाही. नुसती 'हाय' अशी अक्षरे उमटली. साखर त्या यंत्राच्या मोजण्याच्या पलीकडे गेली होती. पायाच्या बोटांमध्ये एक जखम चिघळलेली होती. ती कोणी पाहिली नव्हती.

अल्लाहच्या कृपेने चाचा वाचले. अनेक दिवसांनी ते घरी आले तेव्हा मी भेटीस गेलो. चाची कसलीही तक्रार न करता, अगदी साधेपणाने म्हणाल्या, "तुम्ही ठेवा म्हणालात, म्हणून यांनी ठेवले." ते वाक्य आजही माझ्यासोबत आहे.

मदरशात शिकलेली एक हदीस त्या दिवशी मला नव्याने कळली. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून ती आली आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्ल आवश्यक झाले. त्याने सोबत्यांना विचारले की, मला तयम्मुमची सवलत आहे काय? ते म्हणाले, पाणी उपलब्ध असताना सवलत नाही. त्याने गुस्ल केले आणि तो मरण पावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या मृत्यूचा दोष थेट सोबत्यांवर ठेवला, यांनीच त्याला मारले, अशा अर्थाचे कठोर उद्गार काढले आणि फर्माविले की, ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे.

येथे क्षणभर थांबावे. ते सोबती बेदीन नव्हते. त्यांनी इबादतीचा आग्रह धरला होता, शरीअत आपल्या समजुतीप्रमाणे काटेकोर पाळली होती. मृत्यूची घटका ठरलेली आहे, हे प्रेषितांपेक्षा अधिक कोण जाणत होते? तरीही त्यांनी 'त्याची वेळ भरली होती' असे म्हणून सोबत्यांना मोकळे केले नाही. यावरून एक सिद्धान्त निघतो. तकदीर ही झालेल्या गोष्टीचा स्वीकार करण्यासाठी आहे, करावयाच्या गोष्टीतून सुटण्यासाठी नाही. घटका अल्लाहने ठरविली आहे, पण ती कोणती हे आपल्याला सांगितलेले नाही. सांगितले आहे ते एवढेच की, सूरह अल्-बकराच्या 195 व्या आयतीनुसार स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. औषधोपचार करणे शरीअतमध्ये काय आहे: मुबाह, मुस्तहब की वाजिब? हनफी फिक्हचा प्रसिद्ध ग्रंथ फतावा आलमगीरी याबाबत अतिशय उपयुक्त विभागणी करतो. अपाय दूर करणारी साधने तीन प्रकारची आहेत. पहिले निश्चित परिणामाचे, जसे तहानेवर पाणी आणि भुकेवर भाकर. दुसरे संभाव्य परिणामाचे, जसे त्या काळची रक्तमोक्षणे आणि औषधे. तिसरे केवळ कल्पित परिणामाचे, जसे डागणे. पहिल्या प्रकाराचा त्याग म्हणजे तवक्कुल नव्हे. मृत्यूचे भय असताना तो त्याग हराम आहे. ज्याच्यासमोर भाकर आहे आणि तो न खाता उपाशी मेला, तो गुन्हेगार ठरतो. दुसऱ्या प्रकारचे औषध मात्र एखाद्याने घेतले नाही आणि तो मरण पावला, तर तो गुन्हेगार नाही, कारण औषधाने तो बरा झालाच असता याची खात्री नव्हती.

'औषध घेणे फर्ज नाही' असे आपले वडीलधारे म्हणत आले, त्याचा उगम येथे आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु नीट पाहिले तर हा हुकूम औषध या शब्दावर आधारलेला नाही, खात्रीवर आधारलेला आहे. आणि खात्री ही ज्ञानाबरोबर बदलते. म्हणून विचारावयाचे ते असे की, मधुमेहाच्या आणीबाणीत इन्सुलिन आणि सलाईन यांची जागा पहिल्या प्रकारात आहे की दुसऱ्या?

याचे उत्तर देण्यापूर्वी शरीरात काय घडते ते समजून घेतले पाहिजे. आपण खाल्लेले अन्न साखर होऊन रक्तात उतरते. ती साखर पेशींच्या आत नेण्यासाठी इन्सुलिन लागते. इन्सुलिन नसेल तर रक्त साखरेने भरून जाते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. धान्याने भरलेल्या गोदामाच्या दाराशी, कुलूप न उघडल्यामुळे, माणसे उपाशी मरावीत तशी ही अवस्था असते. वाढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना शरीरातील पाणी व क्षार ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून वारंवार लघवी. उपाशी पेशींसाठी शरीर चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात आणि रक्त आम्ल होते. मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास, आणि शेवटी ग्लानी. याला डॉक्टर डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस किंवा थोडक्यात डीकेए म्हणतात. मुलांमध्ये व तरुणांमध्ये आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तो अधिक दिसतो, आणि पुष्कळदा मुलाला मधुमेह आहे हे पहिल्यांदा त्यातूनच कळते. वयस्क मधुमेहींमध्ये दुसरे रूप दिसते. त्यात कीटोन फारसे नसतात, पण साखर 600 च्या वर जाते, शरीरातील कित्येक लिटर पाणी निघून जाते आणि माणूस हळूहळू गुंगीत जातो. याला एचएचएस म्हणतात. हे दिवसेंदिवस वाढत जाते, त्यामुळे घरच्यांना ते वयाचे किंवा अशक्तपणाचे लक्षण वाटते. चाचांना तेच झाले होते.

या आजाराचे वर्णन प्राचीन आहे. मधुमेह हा शब्दच आपल्या देशातील जुन्या वैद्यकाचा आहे, आणि इब्न सीना यांनी 'अल्-कानून'मध्ये या आजाराची चर्चा केली आहे. पण शतकानुशतके वैद्य वर्णनापुढे जाऊ शकले नाहीत. पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेले मूल आई-बापांच्या डोळ्यांदेखत वाळून जाई. 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडातून तो अर्क काढला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला, आणि जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मरणासन्न मुलाला तो दिला गेला. मूल सावरले आणि पुढे 13 वर्षे जगले. ज्या अवस्थेतून जवळजवळ कोणीच परतत नसे, तिच्यातून आज वेळेवर उपचार मिळालेले बहुसंख्य रुग्ण घरी परततात.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर स्पष्ट आहे. 1922 पूर्वी या आणीबाणीत वैद्याकडे जाणे दुसऱ्या, किंबहुना तिसऱ्या प्रकारात मोडत होते. आज ते पहिल्या प्रकारात मोडते. शिवाय इन्सुलिन हे रूढ अर्थाने औषधही नाही. शरीरात अल्लाहने निर्माण केलेली आणि आता कमी पडलेली वस्तू बाहेरून पुरविणे एवढेच त्याचे कार्य आहे. ते भाकरीच्या अधिक जवळ आहे. आणि सलाईन तर अक्षरशः तहानलेल्याचे पाणी आहे. 1992 साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीनेही असाच निर्णय दिला की, सामान्यतः उपचार घेणे ऐच्छिक असले, तरी जेथे तो टाळल्याने जीव जाण्याचा, अवयव गमावण्याचा किंवा अपंगत्वाचा धोका असतो तेथे तो वाजिब आहे.

या विधानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. साखर थोडी वाढलेल्या प्रत्येकाने अमुकच गोळी घेतलीच पाहिजे, न घेतल्यास तो गुन्हेगार, असे मी म्हणत नाही. तेथे आहार, चालणे, निरनिराळी औषधे असे पर्याय आहेत. वाजिबचा प्रश्न उभा राहतो तो आणीबाणीत, आणि ज्यांचे जगणेच इन्सुलिनवर आहे त्यांच्या रोजच्या मात्रेबाबत.

यावर काही आक्षेप येतात. पहिला तवक्कुलचा. आपल्या लातूरने त्याचे उत्तर स्वतः अनुभवले आहे. 2016 च्या दुष्काळात शहराचे नळ कोरडे पडले तेव्हा 12 एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दुष्काळात आपण नमाज-ए-इस्तिस्का पढतो आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेतही उभे राहतो. रांगेतल्या माणसाला कोणी तवक्कुलहीन म्हणत नाही. मग तहानलेल्या शहरासाठी जे तवक्कुलविरोधी नव्हते, ते तहानलेल्या शरीरासाठी कसे होईल? शाममध्ये प्लेग पसरल्याचे कळल्यावर हजरत उमर (रजि.) वाटेतूनच परत फिरले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उत्तराचा आशय असा होता की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. आजार तकदीर आहे तसे इन्सुलिनही तकदीरच आहे.

दुसरा आक्षेप सब्रचा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अपस्माराने पीडित एका स्त्रीची हदीस आहे. प्रेषितांनी तिला निवड दिली: सब्र केल्यास जन्नत, अथवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सब्र निवडले. यावरून उपचार सोडणे श्रेष्ठ, असा अर्थ काही जण काढतात. पण तिच्यासमोर निश्चित इलाज ठेवलेला नव्हता, तो आजार तिला त्या रात्री मारणार नव्हता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवड तिने स्वतःसाठी केली. बापाने मुलीसाठी, मुलाने बेशुद्ध आईसाठी असे सब्र निवडण्याचा अधिकार या हदीसमधून मिळत नाही. मूल ही अमानत आहे, आणि दुसऱ्याच्या प्राणावर आपले तवक्कुल आजमावता येत नाही.

तिसरा आक्षेप दम आणि दुआचा. दम सुन्नतने सिद्ध आहे आणि मी आजही करतो. पण हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी काय केले ते पाहावे. त्यांनी भेटीस जाऊन त्यांच्या छातीवर हात ठेवला, आणि सकीफ कबिल्यातील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. ज्या हाताहून अधिक बरकतीचा हात नाही, त्या हातानेही वैद्याचा रस्ता दाखविला. एखादे मूल अचानक वाळू लागले, मोठे होऊनही अंथरुणात लघवी करू लागले, सतत पाणी मागू लागले, धापा टाकू लागले, तर ती नजर किंवा असर समजून आठवडा घालविणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे. दम करावा, पण रुग्णालयाच्या वाटेवर.

चौथा आक्षेप हराम-हलालचा. पूर्वी इन्सुलिन गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडापासून काढीत, त्यामुळे शंका रास्त होती. परंतु 1982 पासून सूक्ष्म जीवाणू व यीस्ट यांच्याद्वारे तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे आणि आज सर्रास तेच आणि त्याचे सुधारित प्रकार वापरले जातात. आणि जेथे दुसरा पर्यायच नसेल, तेथे जीव वाचविण्यासाठी निरुपायाची सवलत सूरह अल्-बकराच्या 173 व्या आयतीने दिलेली आहे.

रोजाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. रुग्णाला दिलेली सूट हदीसमधून शोधून काढावी लागत नाही. ज्या आयतींनी रोजा फर्ज केला त्याच आयतींनी, म्हणजे सूरह अल्-बकराच्या 184 आणि 185 ने, रुग्णाला व प्रवाशाला ती दिली आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो असेही कळविले. ही सूट नाकारणे ही अधिक धार्मिकता कशी? 13 देशांतील 12,243 मुस्लिम मधुमेहींच्या एपिडियार या पाहणीत असे आढळले की, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींमध्ये साखर धोकादायक वाढण्याचे प्रसंग रमजानमध्ये सुमारे पाचपट झाले, तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहींमध्ये सुमारे तिप्पट. म्हणून रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून विचारावे. डॉक्टर मुस्लिम नसले तरी जाणकार आणि विश्वासू असतील तर त्यांचा शब्द ग्राह्य धरावा. हिजरतच्या जिवावरच्या प्रवासात प्रेषितांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित या मुस्लिम नसलेल्या जाणकारावरच विश्वास ठेवला होता. अलीकडे डीकेए होऊन गेलेल्यांनी आणि ज्यांची साखर आटोक्यात नाही त्यांनी रोजा ठेवू नये, असे तज्ज्ञांचे सांगणे आहे. ज्यांना परवानगी मिळेल त्यांनी बोटातून रक्त काढून साखर जरूर तपासावी. त्याने रोजा तुटत नाही. त्वचेखाली इन्सुलिन घेतल्यानेही तो तुटत नाही, असे आजच्या बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडावा, मग मगरिबला दहा मिनिटे का उरलेली असेनात. पुढे शक्य असेल तर हिवाळ्यातील लहान दिवसांत कजा करावी. प्रकृती सुधारण्याची आशाच नसेल तर फिदया द्यावा.

प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी येथे सांगतो. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन मनाने बंद करू नये. ताप, उलटी, जुलाब, जखम अशा वेळी शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी, दर तीन-चार तासांनी साखर पाहावी, पाणी पीत राहावे. साखर वारंवार 300 च्या वर येत असेल आणि सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर सकाळची वाट पाहू नये. काही नव्या गोळ्यांवर, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनवर असलेल्या रुग्णाला साखर फार वाढलेली नसतानाही डीकेए होऊ शकतो, म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये, लक्षणे पाहावीत. गुंगीत असलेल्या मधुमेह्याची साखर फार कमीही झालेली असू शकते. न मोजता इन्सुलिन टोचू नये. कमी असेल आणि माणूस शुद्धीत गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नये, जमजमसुद्धा नाही. आपल्याकडचा उन्हाळा इन्सुलिनचाही शत्रू आहे. उन्हात राहिलेली बाटली निकामी होते आणि सुई नियमित घेऊनही साखर चढत जाते. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर पाण्याच्या माठासारख्या थंड मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशा रीतीने बाटली ठेवावी.

रुग्णालयात काय होते हेही ठाऊक असावे, म्हणजे नातेवाईक घाबरून रुग्णाला मध्येच घरी नेणार नाहीत. आधी सलाईन देऊन शरीरातील पाणी भरून काढतात. रक्तातील पोटॅशियम तपासतात, कारण इन्सुलिनमुळे ते आणखी कमी होते आणि फार कमी झाल्यास हृदयाची लय बिघडते. मग इन्सुलिन थेंबाथेंबाने शिरेतून देतात आणि तासातासाला साखर मोजतात. साखर 250 च्या आसपास आली की सलाईनमध्ये ग्लुकोज मिसळतात. येथे अनेकदा गोंधळ उडतो की, शुगरच्या रुग्णाला साखर का चढविता? त्याचे कारण असे की, कीटोन नाहीसे होईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवावे लागते आणि तोवर साखर एकदम घसरू द्यायची नसते. शिवाय मूळ कारण, म्हणजे पायाची जखम, मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, शोधून त्यावर इलाज करतात.

शासकीय रुग्णालयाविषयी लोकांच्या मनात भय आहे आणि ते निराधार म्हणता येत नाही. 2023 च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती, आणि उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. परंतु विष्णुपुरी असो वा लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, गरिबासाठी रात्री दोन वाजता उघडे असणारे दारही तेच आहे. भयाचे उत्तर घरी थांबणे नव्हे. वेळेवर पोहोचणे आणि त्या रुग्णालयांकडे औषधे व मनुष्यबळ पुरेसे असावे यासाठी नागरिक म्हणून आग्रह धरणे हे आहे. ते सर्वांचेच फर्ज-ए-किफाया आहे.

मशिदीलाही आपला वाटा उचलता येईल. निसाब नसलेल्या गरजू रुग्णाच्या हाती जकातच्या पैशाने इन्सुलिन घेऊन दिले आणि त्याला त्याचा मालक केले तर जकात अदा होते. मशिदीत सर्वांसाठी साखर मोजण्याचे यंत्र ठेवायचे असेल तर मात्र ते जकातमधून नको, कारण तेथे कोणा गरिबाची मालकी होत नाही. ते नफ्ली सदक्यातून घ्यावे. आमच्या मशिदीत आता असे एक यंत्र आहे आणि रमजानपूर्वीच्या एका जुम्याला एक डॉक्टर येऊन बसतात. एखादा मधुमेही मला रोजाविषयी विचारतो तेव्हा मी आधी त्याला त्यांच्याकडे पाठवितो. ते काय म्हणाले हे कळल्यानंतरच मसअला सांगतो.

चाचा आता रोजे ठेवीत नाहीत. इफ्तारच्या दस्तरखानावर मात्र ते रोज सर्वांआधी येऊन बसतात, खजुरांची ताटे लावतात आणि अजानची वाट पाहतात. पहिल्या वर्षी त्यांना संकोच वाटत असे. मी त्यांना सांगितले की, सूट देणारा आणि फर्ज करणारा एकच आहे. त्याची सूट स्वीकारणे हीदेखील त्याची आज्ञा मानणेच आहे.

अल्लाह तआला सर्व रुग्णांना पूर्ण शिफा देवो, शरीर ही त्याची अमानत आहे याचे भान आम्हाला देवो, आणि जे आम्हाला ठाऊक नाही ते विचारण्याची नम्रता आम्हा सर्वांना, विशेषतः ज्यांना लोक विचारावयास येतात त्यांना, प्रदान करो. आमीन.